चाइव्ह्जच्या चार कुंड्या: कोजागरी ते कार्तिकी

16 ऑक्टोबर 2024, कोजागरी

दूध आटतंय, तोवर ही वही सुरू करते. आज बियांची दोन पाकिटं आणली. एक चाइव्ह्जचं, दुसरं गार्लिक चाइव्ह्जचं; दोन्ही कांद्याच्या कुळातली, पातीसाठी लावायची झाडं.

गेल्या मे महिन्यात धाकट्या बहिणीकडे इंग्लंडात, लीड्सला होते. तिच्या मागच्या दाराच्या पायरीवर एक कुंडी आहे. बटाटे उकडत आले की ती कात्री घेऊन बाहेर जायची, मूठभर हिरव्या नळ्या कापून आणायची आणि बारीक चिरून वरून भुरभुरायची. वास कांद्याचा, पण झोंबरेपणा नाही. शेवटी जिभेवर कोवळ्या गवतासारखा ताजेपणा. तेव्हापासून मनात आहे, हे आपल्या गॅलरीत हवं.

बहिणीचं झाड नोव्हेंबरात मातीत गडप होतं आणि मार्चमध्ये पुन्हा वर येतं. तिकडे ते थंडीत झोपतं. इथे पुण्यात थंडी हाच त्याचा बरा काळ असणार आणि खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. त्यामुळे पेरणी आत्ताच, ऑक्टोबरची उष्णता उतरताना.

आईंना (सासूबाई, माहेर ओतूरकडचं, कांद्याच्या शेतात वाढलेल्या) पाकिटातलं बी हातावर ओतून दाखवलं. काळं, कोनदार. त्यांनी अंगठ्याने चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर कांद्याचंच बी." दिसायला खरंच तसंच. (कलौंजीला पुष्कळजण कांद्याचं बी म्हणतात, ते वेगळ्याच झाडाचं असतं.)

जागा: कोथरूड, तिसरा मजला, पूर्वेची गॅलरी. सकाळी सातपासून साडेअकरापर्यंत ऊन, मग सावली.

19 ऑक्टोबर

पेरणीआधी उगवण तपासायची, ही आईंची अट. दोन ताटल्यांत ओला कागदी रुमाल, प्रत्येकीत 20 बिया, वर दुसरा रुमाल आणि झाकण. त्यांच्या घरी हेच ओल्या पोत्याच्या तुकड्यात करायचे.

30 ऑक्टोबर

गार्लिक चाइव्ह्ज: 20 पैकी 14. चाइव्ह्ज: 20 पैकी 3.

पाकीट उलटंपालटं करून पाहिलं तर पॅकिंगची तारीख जवळजवळ अडीच वर्षांपूर्वीची. घेताना मी पाहिलीच नव्हती. आई म्हणाल्या, "कांद्याचं बी वर्षाच्या आत पेरायचं. दुसऱ्या वर्षी निम्मं मरतं, तिसऱ्या वर्षी नुसती काळी माती." कांद्याच्या साऱ्या गणगोताचं हेच आहे, बी फार दिवस तग धरत नाही. दुसऱ्या ठिकाणाहून ताजं पाकीट मागवलं, या वेळी तारीख विचारून.

7 नोव्हेंबर

भाऊबीज आटोपली, पाहुणे गेले, आज पेरणी.

मिश्रण: दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट, अर्धा भाग जाड वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड. वाळूवर आई अडून बसल्या. पाणी तुंबलं की कांदा सडतो, त्याचा भाऊबंदही सडणार, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. दोन पसरट ट्रे भरले, ओळींत बी टाकलं, वर अर्धा सेंटिमीटर माती. ही बी अंधारात चांगली रुजते म्हणून वर ओलं वर्तमानपत्र अंथरलं. पाणी झारीने नाही, फवाऱ्याने.

खुणेसाठी ट्रेला रंगीत दोरे बांधले: चाइव्ह्जला निळा, गार्लिकला पांढरा. लहानपणी दोन्ही इतकी सारखी दिसतात की नंतर ओळखणं अशक्य.

18 नोव्हेंबर

उगवलं! पांढरा दोरा आठव्या दिवशी, निळा अकराव्या, म्हणजे आज.

कांद्याच्या कुळाचं उगवणं पाहण्यासारखं असतं. कोंब सरळ वर येत नाही. आधी दुमडलेल्या सुईसारखा वाकून मातीबाहेर कोपर काढतो, मग हळूहळू सरळ होतो आणि टोकाला काळी टरफलाची टोपी घेऊन उभा राहतो. लेक शाळेतून आल्यावर अर्धा तास ट्रेपुढे बसली होती. आईंनी तिला या अवस्थेचा शेतातला शब्द सांगितला: "रोप कोयंड्यात आहे."

वर्तमानपत्र आज काढलं. एक दिवस उशीर झाला असता तर रोपं पिवळी पडून लोळली असती.

12 डिसेंबर

पाच आठवडे झाले. रोपं केसासारखी, आठ-नऊ सेंटिमीटर. दोन गोष्टी चुकल्या.

एक, ट्रे आठवडाभर भिंतीच्या आडोशाला राहिले आणि रोपं उजेडाकडे झुकली. आता कठड्याला लावून ठेवलेत आणि रोज अर्ध्या फेऱ्याने फिरवते.

दोन, मातीवर बारीक काळ्या माश्या घोंघावतात. कोकोपीट सतत ओलं राहिलं की त्या येतात, अळ्या कोवळी मुळं खातात. रोज पाणी घालणं बंद केलं. आईंचा शब्द वाफसा: माती ओली आहे, पण मुठीत दाबली तर चिखल होत नाही आणि सोडली की भुगा होतो. तो आल्याशिवाय पाणी नाही. पिवळा चिकट सापळाही लावला. चार दिवसांत माश्या निम्म्याने कमी झाल्या. मला वाटतं, सापळ्यापेक्षा कोरडेपणाने.

29 डिसेंबर: पुनर्लागवड

52 दिवसांची रोपं. कांदाही याच वयाला लावतात, म्हणून आजचा दिवस आईंचाच होता. सकाळी नऊवारीचा ओचा खोचून गॅलरीत पाटावर बसल्या आणि मला नुसतं "माती दे, पाणी दे" सांगत राहिल्या.

कांद्यात एकेक रोप वेगळं लावतात, कारण गड्डा पोसायचा असतो. चाइव्ह्जला पोसायला गड्डाच नाही. खाली बारीक, लांबट, पांढरी गाठ तेवढी असते, खायची ती पात. त्यामुळे एका खड्ड्यात आठ-दहा रोपांचा झुबका. हे त्यांना आधी रुचलं नाही. "एवढी दाटी? एकमेकींना उपाशी मारतील." मग मी बहिणीच्या कुंडीचा फोटो दाखवला. गवताच्या ठोंबासारखं दाट झाड, मध्ये माती दिसत नाही. थोडा वेळ पाहून म्हणाल्या, "म्हणजे याचा कांदा नाही करायचा, याचं गवत करायचं." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

लावण्याआधी त्यांनी रोपांचे शेंडे वरून तिसरा हिस्सा कात्रीने छाटले. मूळ धरेपर्यंत पानांवाटे पाणी उडू नये म्हणून. ओतूरला पुढे रोपांची मुळं औषधाच्या पाण्यात बुडवत. इथे आपण पान कच्चं खाणार, म्हणून ते टाळलं.

आठ इंची चार कुंड्या: दोन निळ्या दोऱ्याच्या, दोन पांढऱ्या. प्रत्येक कुंडीत तीन झुबके.

13 जानेवारी 2025, भोगी

बाजरीच्या भाकरीवर लोणी आणि तीळ. माझा हात कात्रीकडे गेला, पण पात अजून बारा सेंटिमीटरच आहे. थांबले. पंधराच्या पुढे गेल्याशिवाय पहिली कापणी नाही. मूळ अशक्त राहतं.

आता दोन्हींतला फरक स्पष्ट दिसतो. निळ्या दोऱ्याच्या पाती गोल आणि पोकळ. बोटांत फिरवली तर सुतळीसारखी फिरते. लिनियसने 1753 मध्ये या झाडाला दिलेल्या शास्त्रीय नावाचा, शोनोप्रासमचा, अर्थच 'लव्हाळ्यासारखा कांदा' असा होतो, आणि ते समर्पक आहे. पांढऱ्या दोऱ्याच्या पाती चपट्या, भरीव, जाड गवतासारख्या. चुरगळून हुंगलं तर सरळ लसूण.

9 फेब्रुवारी: पहिली कापणी

निळी 19 सेंटिमीटर, पांढरी 24.

मातीपासून दोन बोटं (चार सेंटिमीटर) ठेवून कापलं. फक्त शेंडे खुडायचे नाहीत. अर्धवट कापलेली पात टोकाला सुकते आणि पुढे वाढत नाही. नवी वाढ खालून येते. एका वेळी कुंडीचा तिसरा हिस्साच, कडेकडेने. कात्री धारदार हवी. स्वयंपाकघरातल्या बोथट कात्रीने कापलेल्या दोन झुबक्यांची टोकं संध्याकाळपर्यंत चेंगरून तपकिरी झाली. टोपलीतली, शिवणकामाची जुनी कात्री आता याच कामाला.

पहिला मान दह्याला. उकडलेले बटाटे, घट्ट दही, मीठ, जिरेपूड, वर चाइव्ह्ज. चव लीड्सचीच निघाली. मी बहिणीला लगेच फोन लावला आणि तिकडे तिची कुंडी अजून बर्फाळ मातीत झोपलेली! वर्षात पहिल्यांदाच मी तिच्या पुढे आहे.

2 मार्च: स्वयंपाकघरातले प्रयोग

तीन आठवडे, पाच कापण्या. आता हात बसलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

अखंड पातीला वास जवळजवळ नसतोच. कापली, चिरली की पेशी फुटतात, आतलं विकर (एन्झाइम) गंधकयुक्त घटकांवर काम करतं आणि त्यातून तो कांद्याचा दरवळ तयार होतो. उष्णतेने विकर निकामी होतं आणि तयार झालेला वासही उडून जातो. गोल चाइव्ह्जच्या बाबतीत सगळं याच्यावर ठरतं. फोडणीत टाकले तर काही उरत नाही. मी पहिल्यांदा भुर्जीत कांद्याबरोबर परतले आणि ताटात नुसते हिरवे धागे मिळाले. आच बंद केल्यावर टाकले तेव्हा भुर्जी वेगळीच झाली. पिठल्यावरही तसंच, वाढताना. फ्रेंच स्वयंपाकात पार्सली, टॅरागॉन, चर्व्हिल आणि चाइव्ह्ज ही चौकडी ऑम्लेटमध्ये घालतात, ती शेवटीच, याच कारणाने. चिरायचंही एकदाच, धारदार सुरीने. फळीवर पुन्हा पुन्हा ठेचत राहिलं तर पाणी सुटून कडवट होतं.

चपट्या गार्लिक चाइव्ह्जचं उलट आहे. ते शिजवणं सोसतात. चीनमध्ये अंड्याबरोबर परततात, मोदकासारख्या उकडलेल्या पुरचुंड्यांत भरतात. जपानमध्येही त्याच कामाला येतात. मी सरळ पीठ पेरून केले. मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, बोटभर लांबीचे तुकडे, तिखट, मीठ, दोन वाफा, वरून बेसन. कांद्याच्या पातीची पीठ पेरलेली भाजी आपल्या घरात नेहमीचीच. ही तिच्यापेक्षा कमी गोड आणि लसणाकडे झुकणारी. ह्यांनी डब्यातली भाजी ऑफिसात वाटून खाल्ली आणि संध्याकाळी "ती पुन्हा कधी?" विचारलं.

थालीपीठ: भाजणीत दोन्ही चालतात, पण गार्लिक जास्त शोभतात.

लोणी: घरचं ताजं लोणी, मीठ, बारीक चिरलेले गोल चाइव्ह्ज. वळकटी करून बर्फाच्या कप्प्यात. गरम ज्वारीच्या भाकरीवर एक चकती टाकली की ती वितळेपर्यंत घरात कोणी बोलत नाही.

वाळवणं मात्र करू नये. ताटभर वाळवून पाहिले. आठवड्यात रंग राहिला, वास गेला. चिरून डब्यात गोठवले ते चांगले राहिले.

एक प्रयोग लेकीच्या हट्टाने. चीनमध्ये गार्लिक चाइव्ह्ज अंधारात वाढवून पिवळे, मऊ करतात. एक झुबका मुळापासून दोन बोटांवर कापला आणि त्यावर मातीचं मडकं पालथं घातलं. अठरा दिवसांनी उचललं तर आत फिकट पिवळ्या, रेशमासारख्या पाती. लसणाचा उग्रपणा गेलेला, जवळजवळ गोड. अंड्यात दोन मिनिटं परतले. चव उत्तम, पण त्या झुबक्याला सावरायला महिना लागणार. रोजचं काम नव्हे.

27 मार्च

खालच्या मजल्यावरची मांजर ग्रिलवरून येऊन निळ्या कुंडीशेजारी बसलेली दिसली आणि माझा जीव धसकला. कांदा, लसूण, चाइव्ह्ज, या कुळातलं सगळंच मांजरा-कुत्र्यांना विषारी असतं. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांजरांना तर फारच थोडं पुरतं. कुंड्यांभोवती बारीक जाळीची पेटी करून घेतली. शेजारणीलाही सांगितलं.

18 एप्रिल

गेले दहा दिवस वाईट आहेत. निळ्या कुंड्यांतल्या सगळ्या पातींची टोकं पिवळी, मग कागदासारखी तपकिरी. पांढऱ्या तशाच हिरव्या.

आधी उष्णतेला दोष दिला. तो खरा आहेच. हे थंड हवेचं झाड आहे. पण दुपारच्या उन्हात तर कुंड्या नसतातच. मग लक्षात आलं की सोसायटीला पंधरा दिवसांपासून बोअरचं पाणी मिसळून येतं. नळाच्या तोटीवर पांढरा थर, कुंडीच्या कडेलाही पांढरी रेघ. कांदा खाऱ्या पाण्याला फार नाजूक, हे आईंनी शेतात पाहिलेलं. "टोकं जळाली की समजायचं, पाणी खारलंय."

केलं ते: तळाच्या छिद्रांतून धो धो वाहेपर्यंत पिण्याच्या पाण्याने एकदा कुंड्या धुऊन काढल्या. त्यानंतर तांदूळ-डाळीचं पहिलं धुवण, बिनमिठाचं. वर वाळलेल्या पाल्याचं आच्छादन. अकरा वाजता हिरव्या जाळीचा पडदा. खत बंद. कापणी बंद, जळकी टोकं तेवढी काढली.

4 मे

निळी एक कुंडी गेली. तीनही झुबके आठवड्यात बसले. उपसून पाहिलं तर पांढऱ्या गाठी घट्ट होत्या, म्हणजे सडल्या नव्हत्या, दमल्या होत्या. फेकून देणार होते. आई म्हणाल्या, "थांब. कांदाचाळीत कांदा सहा महिने बिनमातीचा जगतो." पण या गाठी कांद्याएवढ्या साठ्याच्या नाहीत. तरी मातीत परत घातल्या आणि कुंडी स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या खिडकीत ठेवली, फक्त कधीमधी शिंतोडा.

उरलेल्या निळ्या कुंडीत पातींवर चंदेरी ओरखडे. भिंगातून पाहिलं: फुलकिडे. कांद्यावरचा हा नेहमीचा शत्रू, कोरड्या उष्णतेत वाढणारा. पाण्याच्या फवाऱ्याने पातीच्या बेचक्या धुतल्या, संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब साबण, आणि निळा चिकट सापळा. पिवळ्यापेक्षा निळ्या रंगावर फुलकिडे जास्त येतात.

27 मे

मान्सून काल पुण्यात दाखल झाला असं जाहीर झालं. त्याआधी आठवडाभर वळीव नव्हे, खरा पाऊसच पडत होता. मे महिन्यात एवढा पाऊस आईंनाही आठवत नाही. ओतूरहून मामेदिरांचा फोन होता; शेतात उघड्यावरचा कांदा भिजला. आमच्या चार कुंड्यांची काळजी मला त्या फोननंतर लहान वाटली.

पण चाइव्ह्जना हा पाऊस मानवला. पावसाचं पाणी बिनक्षाराचं, हवा एकदम सहा-सात अंशांनी उतरली. निळ्या कुंडीत मधोमध हिरवे काटे दिसताहेत. उत्तरेच्या खिडकीतल्या, गेली म्हणून समजलेल्या कुंडीतही दोन!

मात्र आता सड. कुंड्यांखाली विटा लावल्या, पाला काढला. आच्छादन एप्रिलमध्ये जीव वाचवतं आणि जूनमध्ये तेच जीव घेतं.

22 जून

लेकीची मैत्रीण आज जेवायला होती. आई-वडिलांची बदली म्हणून पुण्यात आलेली, मूळची इंफाळची. हात धुवायला गॅलरीत गेली आणि तिथूनच ओरडली, "काकू, तुमच्याकडे मरोई नाकुप्पी कशी?"

पांढऱ्या दोऱ्याच्या कुंडीपुढे उभी होती. गार्लिक चाइव्ह्जला मणिपुरीत हेच नाव आहे, आणि तिच्याकडे ते परसात तुळशीसारखं असतंच असतं. उकडून कुस्करलेल्या भाज्यांत आणि सुकटीत घालतात, फोडणीतही. मी पाकिटातलं परदेशी झाड म्हणून आणलेलं, आणि ते आपल्याच देशाच्या एका टोकाला घरोघरी वाढतंय. हे मला ऑक्टोबरात कळलं असतं तर मी बी तिकडून मागवलं असतं.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. तिची आजी वैष्णव, घरात कांदा-लसूण आणू देत नाही. पण मरोई चालते. कांद्या-लसणाच्या जागी तीच वापरतात.

आई ऐकत होत्या. त्या चातुर्मास पाळतात. आषाढी ते कार्तिकी कांदा-लसूण वर्ज्य, आणि त्यांच्यासाठी आमच्या घरात चार महिने कोणीच शिजवत नाही. मुलीकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या आजीचा नेम तिच्या देवाचा. माझ्या विठोबाला मी बी हातावर घेऊन 'हे कांद्याचंच आहे' म्हणाले होते. आता जिभेसाठी ते नाही कसं म्हणू?" दोघी बराच वेळ एकमेकींच्या घरच्या सणांबद्दल बोलत बसल्या.

मी मनाशी हिशेब केला. कापणीला तेरा दिवस उरले.

4 जुलै, कांदेनवमी

आषाढ शुद्ध नवमी. चातुर्मासाआधी कांदा पोटभर खाऊन घ्यायचा दिवस. कांदाभजी, भरल्या कांद्याची रस्सा भाजी, कांद्याचं थालीपीठ हे दरवर्षीचं. यंदा भर: गार्लिक चाइव्ह्जची पीठ पेरून भाजी, चाइव्ह्जचं दही, आणि आईंनी स्वतःहून सुचवलेली चाइव्ह्जची भजी. अख्खी जुडी दोऱ्याने बांधून पिठात बुडवली आणि तळली. तळल्यावर वास उडणार, असं मी म्हणत होते. बाहेरचं पीठ आच अडवतं आणि आत जुडी वाफेवर नुसती मऊ होते, वास टिकला. हे मी कुठेही वाचलं नव्हतं.

पांढऱ्या दोन्ही कुंड्या पूर्ण कापल्या. निळीला हात कमी लावला, ती अजून आजारातून उठतेय.

17 ऑगस्ट

महिन्याभरात कात्री लागली नाही. पांढऱ्या कुंड्यांत ताठ, चिवट दांडे वर आलेत, टोकाला कागदी पिशवीत कळ्या. आईंचा शब्द: डेंगळे. कांद्याच्या शेतात डेंगळा म्हणजे नुकसान, गड्डा पोसत नाही. इथे नुकसान काही नाही.

निळीला डेंगळे नाहीत आणि येणारही नाहीत. गोल चाइव्ह्जना फुलायला आधी कडक थंडी लागते, ती आपल्या गॅलरीत नाही. बहिणीकडे मेमध्ये जांभळ्या गोंड्यांनी कुंडी भरलेली असते. आईंना हे नवीन नव्हतं; रोपाला जास्त थंडी लागली की कांदा डेंगळ्यावर जातो, हे त्यांना पाठ आहे.

6 सप्टेंबर

फुललं. पांढऱ्या चांदण्यांचे झेले, मंद गोड वास, लसणाचा अजिबात नाही. सकाळी मधमाश्या, दुपारी बारीक निळी फुलपाखरं. फुलंही खातात, पण यंदा ती झाडावरच राहतील. अनंत चतुर्दशी आज. दोन झेले आईंनी पुस्तकात ठेवायला लेकीला दिले. देवाला नाही वाहिले. कुळ कांद्याचं, म्हणून.

11 ऑक्टोबर

झेले वाळले, कप्पे उघडू लागले, आत काळं बी. उकलायला लागले तेव्हाच कागदी पिशव्या बांधल्या होत्या. गार्लिक चाइव्ह्जचं बी सांडलं की गवतासारखं सगळीकडे उगवतं. सुमारे दोन चमचे बी मिळालं. पाकिटावर तारीख घातली, मोठ्या अक्षरांत.

निळ्याचा ताळा: सहा झुबक्यांपैकी तीन जिवंत. एक ऑगस्टच्या झडीत सडला, दोन मेच्या उन्हातून उठलेच नाहीत. पांढऱ्याचे सहाही आहेत, दुप्पट झालेत. पुण्यात कोणी पहिल्यांदा लावणार असेल तर मी गार्लिक चाइव्ह्जच सांगेन. गोल चाइव्ह्ज मी स्वतः दर नोव्हेंबरात पेरीन, फेब्रुवारी-मार्चच्या त्या दोन महिन्यांसाठी, आणि पावसातून जे वाचतील ते वाचतील.

3 नोव्हेंबर

काल कार्तिकी झाली. आज सकाळी आंघोळ, पूजा उरकून आईच कात्री घेऊन गॅलरीत गेल्या. मी पोळ्या टाकून मागे गेले तर पाटावर बसून निळ्या कुंडीची कडेकडेची पात कापत होत्या, दोन बोटं ठेवून.

पांढरी एक कुंडी उपसली. मुळांची चटई झालेली. सुरीने आरपार कापून चार भाग केले. शेंडे छाटले. एक भाग परत कुंडीत, एक लेकीच्या मैत्रिणीच्या आईला, एक शेजारणीला (मांजरीची गोष्ट पुन्हा सांगून). चौथा ओल्या फडक्यात गुंडाळून आईंनी पिशवीत ठेवलाय. रविवारी ओतूरला जायचंय. विहिरीजवळच्या बांधावर, जिथे त्यांच्या आई लसणाची पात लावायच्या, तिथे लावणार म्हणतात. निळ्याचं नव्या पाकिटातलं ताजं बी आज 40 मोजून कागदी रुमालात घातलंय.